तुटलेला धागा



आपण घरी ज्याला ‘फालिज’ म्हणतो, त्याला मराठीत ‘पक्षाघात’ किंवा ‘लकवा’ म्हणतात. हा शब्द मी पुस्तकातून शिकलो नाही. तो मला माझ्या घरातच शिकावा लागला.

माझे अब्बा भिवंडीत यंत्रमागावर काम करीत. धागा तुटला, की ते लगेच लूम थांबवत आणि बोटांनी धागा जोडत. “उशीर केला, तर कापडात दोष राहतो,” असे ते नेहमी म्हणत.

एका रात्री जेवताना त्यांचा उजवा हात बधिर झाला. दहा मिनिटांत तो पुन्हा बरा झाला. “थकवा आला असेल,” असे म्हणून अब्बा हसले. आम्हीही ती गोष्ट विसरून गेलो.

त्यानंतर आठ दिवसांनी फज्रची नमाज पढून ते चहाला बसले. एकाएकी त्यांच्या हातातून पेला गळून पडला. तोंड वाकडे झाले. ते बोलू लागले, पण शब्द उमटेनात. शेजारी जमले. कोणी म्हणाले, “हवा लागली आहे, तेलाने मालीश करा.” कोणी म्हणाले, “झोपू द्या, बरे वाटेल.” मी तेव्हा बी.एड. करीत होतो. शिकलेला असूनही मी त्यांचे ऐकले. अब्बांना ठाण्याला रुग्णालयात नेले, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

डॉक्टरांनी मेंदूचा सी.टी. स्कॅन काढला. मग ते म्हणाले, “पक्षाघाताचे मुख्य प्रकार दोन. एकात मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. दुसऱ्यात रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. स्कॅन केल्यावरच फरक कळतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन असते. पण ते साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रक्तस्राव असेल, तर तेच औषध घातक ठरते. तुमच्या वडिलांना गुठळी आहे. परंतु ती वेळ निघून गेली.”

आठ दिवसांपूर्वीचा बधिरपणा हा पक्षाघाताचा इशारा होता, हेही मला त्या दिवशी कळले. त्यांचा रक्तदाबही फार वाढलेला होता. २००५ आणि २००६ साली मुंबईच्या एका भागात डॉक्टरांनी पक्षाघाताच्या रुग्णांची नोंद ठेवली होती. त्यांतही बहुतेकांना उच्च रक्तदाब होता आणि दहांपैकी सुमारे आठ जणांना गुठळीचा पक्षाघात झाला होता.

मित्रांनो, हा आजार ओळखणे तुम्हालाही जमेल. त्या माणसाला हसायला सांगा. चेहऱ्याची एक बाजू ओघळते का, ते पाहा. दोन्ही हात वर करायला सांगा. एक हात खाली येतो का? एखादे सोपे वाक्य बोलायला सांगा. जीभ अडखळते का? यांपैकी एक जरी खूण दिसली, तरी लगेच घड्याळात वेळ पाहून ठेवा आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका. मालीश करीत बसू नका. गुठळीने रक्त अडले, की मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात. खुणा आपोआप गेल्या, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

अब्बांनी औषधे घेतली, रोज व्यायाम केला. तीन महिन्यांनी ते काठी टेकत चालू लागले. हळूहळू बोलूही लागले. उजव्या हाताची बोटे मात्र पुन्हा धागा जोडू शकली नाहीत.

आज घरी गेल्यावर आपल्या दादा-दादींना, अब्बा-अम्मींना एक प्रश्न विचारा : “तुमचा रक्तदाब केव्हा तपासला होता?” मी माझ्या अब्बांना तो कधीच विचारला नव्हता.