देवाची नावे

आपल्याकडे एकाच बाईला किती नावे असतात! स्नानसंस्काराच्या नोंदवहीत एक, माहेरचे लाडके दुसरे. शिवाय कुणाची ती आई, कुणाची मावशी, कुणाची वहिनी. यांतले एकही नाव खोटे नसते आणि कोणत्याही एका नावात ती सगळी मावत नाही. कारण नाव हे केवळ वर्णन नव्हे. हाक मारणाऱ्याचे नाते त्यात बोलत असते. देवाच्या नावांविषयीही मला तसेच वाटत आले आहे.

सेमिनरीत आम्ही शिकलो ती नावे भारदस्त होती: सर्वशक्तिमान, सर्वज्ञ, अनादि, अनंत. ती खरीच आहेत. बुद्धीला त्यांचा आधार वाटतो. परंतु आजाऱ्याच्या खाटेपाशी 'हे अनंता' अशी हाक मी अजून ऐकलेली नाही. तेथे 'देवा' किंवा 'येशू' एवढेच कानी पडते.

जळत्या झुडपापाशी मोशेला जे नाव मिळाले, त्याचे नाते 'असणे' या क्रियापदाशी आहे. हिब्रू भाषेतील त्या चार व्यंजनांचा उच्चार यहुदी लोक आदराने टाळतात आणि 'अदोनाय', म्हणजे 'प्रभू', असे म्हणतात. २००८ साली रोमनेही उपासनेत ते नाव न उच्चारण्याची सूचना दिली. देव आपल्या मुठीत मावणारा नाही, याची आठवण हे मौन करून देते.

त्याच देवाला एका दासीने नाव दिले, हे मात्र आपण विसरतो. धनिणीच्या जाचाला कंटाळून पळालेली गरोदर हागार रानातल्या झऱ्यापाशी बसली होती. तेथे देवाने तिची विचारपूस केली, तेव्हा ती त्याला 'एल रोई', म्हणजे 'मला पाहणारा देव', म्हणाली. ना धर्मशास्त्राचा अभ्यास, ना कुळाचा मान. तिला देव जसा भेटला तसे तिने त्याचे नाव घेतले.

आपल्या मराठीनेही हेच केले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त 'परमेश्वर' आणि 'वैकुंठ' हे इथल्या मातीतले शब्द निःशंकपणे घेतले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला गुरू आणि माउली मानले. वारकऱ्यांच्या मुखातील तो शब्द ख्रिस्ताच्या पायाशी आला, तेव्हा परका वाटला नाही.

प्रभू येशूने गेथशेमनी बागेत 'अब्बा' म्हटले. हा केवळ तान्ह्याचा बोबडा बोल नव्हे. मोठी झालेली मुलेही बापाला याच शब्दाने हाक मारीत. मरणाच्या छायेत उच्चारलेला हा शब्द मार्कने मूळ अरामी भाषेतच जपून ठेवला आहे. माझ्या श्रद्धेचा तो कणा आहे. तरीही एका भगिनीने मला सांगितले, "फादर, 'पिता' म्हटले की मला दारूचा वास येतो आणि उगारलेला हात दिसतो." तिच्या अनुमतीनेच हे लिहीत आहे. मी तिला शिकवणूक दिली नाही. हागारची कथा वाचून दाखविली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्या घरात मला कुणीतरी पाहत होते."

आजही मिस्सेत प्रभूच्या प्रार्थनेचा पहिला शब्द ती उच्चारीत नाही. पुढचे सारे म्हणते. मी तिच्यावर घाई करीत नाही. तो शब्द तिच्यासाठी शुद्ध करून घेणे हे देवाचे काम आहे, आणि कदाचित तिच्याशी मायेने वागणाऱ्या आपणा सर्वांचेही.

कबरीपाशी रडणाऱ्या मरिया माग्दालेनाने उठलेल्या प्रभूला पाहूनही ओळखले नाही. त्याने तिला नावाने हाक मारली, तेव्हा तिने ओळखले आणि मगच तिच्या तोंडून 'रब्बूनी' हा शब्द निघाला. आपण देवाला कोणत्या नावाने हाक मारतो याचा शोध जन्मभर चालेल. त्याने मात्र आपल्याला आधीच हाक मारलेली असते.