डोंगराचं तोंड कोणीकडे

गेल्या दिवाळीनंतर मी एक वापरलेला डीएसएलआर कॅमेरा घेतला, सोबत १८-५५ची लेन्स. वय चव्वेचाळीस आणि अनुभव म्हणाल तर लग्नकार्यात मोबाइलवर काढलेले फोटो. आमच्या पिंपळनेर गावाच्या दक्षिणेला शेलबारीची रांग आडवी पसरली आहे. मांगी-तुंगीचे जोडसुळके याच रांगेवरचे. भटकंती करणारे लोक तिला सेलबारी-डोलबारी म्हणतात. बाहेरची माणसं ती बहुतेक ताहराबादकडून, म्हणजे सटाण्याच्या बाजूने पाहतात. आमच्या बाजूने, पांझरेच्या खोऱ्यातून ती कशी दिसते, याचा एक बरा फोटो मला काढायचा होता. एखाद्या रविवारी काम होईल, असं वाटलं होतं.

पहिल्या रविवारी दुपारी साडेबाराला लाटीपाडा धरणाकडे गेलो. भरपूर ऊन म्हणजे भरपूर प्रकाश, एवढंच मला कळत होतं. एकशेचाळीस फोटो काढले. घरी येऊन संगणकावर पाहिले, तर आभाळ कागदासारखं पांढरं आणि रांग म्हणजे तळाशी एक बोटभर काळी रेघ. डोळ्यांना तर ती केवढी थोरली दिसली होती! लेन्सवरच्या १८ या आकड्याचा अर्थ त्या रात्री शोधला. आकडा लहान तितका जास्त मुलूख चौकटीत येतो आणि लांबची वस्तू तितकीच बारीक होते. आपला डोळा हवं ते तेवढं उचलून मोठं करतो. लेन्स तशी निवड करत नाही. पुढच्या वेळी ५५वर फिरवली आणि रांग तिपटीने जवळ आली.

मग ॲपर्चर. मी त्याला 'लेन्सचं भोक' म्हणायला लागलो, दुसरा शब्द सुचला नाही. हे भोक जितकं लहान, तितकं जवळचं-लांबचं सगळं एकदम रेखीव येतं, असं वाचलं. पण आकडे उलटे चालतात: एफ २२ म्हणजे लहान भोक, एफ ४ म्हणजे मोठं. कारण तो भागाकार आहे. ५५ मिलिमीटरला २२ने भागलं की अडीच मिलिमीटर, ८ने भागलं की जवळपास सात. हे वहीत मांडून बघेपर्यंत डोक्यात शिरलं नाही. मग हट्टाने सगळे फोटो एफ २२वर काढले. संध्याकाळची वेळ, एवढंसं भोक, म्हणून कॅमेऱ्याने शटर, माझ्या भाषेत झडप, बराच वेळ उघडी ठेवली आणि माझे हात हलले. डोंगराला दोन-दोन कडा आल्या.

म्हणून तिवई आणली. तिच्यावरही एफ २२चे फोटो थोडे मऊच येत होते. फार बारीक भोकातून जाताना प्रकाश कडांशी फाकतो, याला विवर्तन म्हणतात. शाळेत तो धडा मी पाठ केला होता, इतक्या वर्षांनी तो डोळ्यांनी दिसला. माझ्या लेन्सला एफ ८ ते ११ मानवतं. तिवई रोवली होती फडाच्या ओल्या बांधावर. एक पाय हळूहळू चिखलात रुतत गेला आणि त्या सकाळच्या चाळीस फोटोंत रांग डावीकडे उतरत गेली.

फडाबद्दल थोडं सांगायला हवं. पांझरेवर जागोजागी जुने बंधारे आहेत. बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेतांत येतं आणि गावाची ओलिताची जमीन काही मोठ्या तुकड्यांत विभागलेली असते. तो एकेक तुकडा म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणीवाटप गावकरीच बघतात. शेकडो वर्षांची ही पद्धत. फोटोच्या दृष्टीने याचा अर्थ मला फार उशिरा लागला: पन्नास शेतकऱ्यांची शेतं असली तरी लांबपर्यंत एकच रंग, एकच पोत. माझ्या फोटोंना पुढचा भागच नव्हता, नुसता डोंगर आणि आभाळ. तो पुढचा भाग माझ्या पायाखाली होता आणि दोन महिने मी तिवई ठेवायला तो तुडवत होतो.

सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन फोटोला चांगलं, हे सगळे सांगतात. डिसेंबर-जानेवारीत मी दोन्ही वेळा जाऊन पाहिल्या. पिकावर सोनेरी प्रकाश, आणि डोंगर मात्र काळाठिक्कर. आभाळ सांभाळलं तर डोंगर बुडतो, डोंगर उजळला तर आभाळ जळतं. आपल्याला कॅमेऱ्याची बटणं कळत नाहीत, असंच मी धरून चाललो. फडाला पाणी देणारे बारेकरी, त्यांना मी आबा म्हणतो, रोज बघत होते. एका सकाळी फावडं टेकवून म्हणाले, "डोंगरना मांगे ऊन शे, भाऊ. तोंड कसं दिसी त्यानं?"

मी बघतच राहिलो. रांग आमच्या दक्षिणेला, म्हणजे आमच्याकडे तिची उत्तर बाजू. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, तो दिवसभर रांगेच्या पाठीमागेच राहतो. ताहराबादकडच्या लोकांना जी बाजू उजळलेली मिळते, तिची सावली आमच्या वाट्याला. जन्म इथे काढून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

त्याच सुमारास ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराची गोष्ट वाचली. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर चंद्र उगवलेला, खाली स्मशानातल्या क्रुसांवर मावळतीचं ऊन. त्याला प्रकाशमापक सापडेना. चंद्राची तेजस्विता त्याला पाठ होती, तिच्यावरून हिशेब करून त्याने एक फोटो घेतला. दुसरा घेण्याआधी क्रुसांवरचं ऊन गेलं. पुढे त्याला त्या फोटोची तारीख नीट सांगता येत नव्हती. ती खगोलाच्या अभ्यासकांनी चित्रातल्या चंद्राच्या जागेवरून काढली: १ नोव्हेंबर १९४१. मला वाटलं, फोटोवरून तारीख निघते, तर मला हव्या असलेल्या फोटोची तारीख आधीच का निघू नये?

पंचांग, नकाशा आणि कंपास घेऊन बसलो. मार्चमधल्या विषुवदिनानंतर मावळतीची जागा पश्चिमेकडून उत्तरेकडे सरकू लागते. पिंपळनेर साधारण २१ अंश उत्तरेला, कर्कवृत्ताच्या खाली. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर काही आठवडे चक्क आपल्या उत्तरेला असतो. जूनमध्ये तो पश्चिमेच्या बऱ्याच उत्तरेला मावळतो. म्हणजे तेव्हा आमच्या बाजूच्या कड्यांवर तिरपं ऊन पडणार. फोटोचा म्हणून जो हंगाम सगळे मानतात, तो आमच्या डोंगराचा नव्हताच.

मेमध्ये धुळीने रांग पुसून टाकली होती. जूनमध्ये वळवाची एक जोरदार सर झाली आणि हवा धुऊन निघाली. दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी बांधावर होतो. तिवईचे पाय दगडांवर, एफ ११, दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबल्याचा धक्काही नको. उजवीकडून ऊन घसरत आलं आणि कड्यांवरच्या आडव्या थरांची एकेक रेघ वर आली. मी अकरा फोटो घेतले. बाराव्याला ढग आला.

त्यातला एक धुळ्याहून छापून आणला आणि आबांना दाखवला. त्यांनी तो उन्हात धरला, जवळ नेला, लांब नेला. डोंगराकडे त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. बोट डाव्या कडेवर ठेवून म्हणाले, "आनी आम्हना फड कथा गया?"

मी पाहिलं. पाटाचं वळण आणि अर्धा फड चौकटीबाहेर राहिला होता.