विकायला कसलं शिक्षण?

बी.कॉम. झाल्यावर पुतणी म्हणाली, पुण्याला जाऊन एमबीए करायचंय, तेही मार्केटिंगमध्ये. घरात सगळ्यांत मोठ्यानं हसलो तो मी. बार्शीच्या मार्केट यार्डात आमची अडत. मूठभर ज्वारी तळहातावर घेतली की भाव सांगणारा मी. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनं खपत नाही. त्याला दोन वर्षांचं कॉलेज कशाला?

फी परवडत नाही, हे मी पुढं केलेलं कारण. खरं कारण हलकं होतं. घरातली मुलगी माल खपवत गल्लोगल्ली फिरणार, हेच मला रुचत नव्हतं. मुलगा असता तर मी हसलो नसतो.

तिनं सीईटी दिली आणि गेली. एमबीएच्या दोन वर्षांच्या मधल्या उन्हाळ्यात मुलांना एखाद्या कंपनीत काम करावं लागतं. तिच्या वाट्याला पीठ आलं. शहरातली तरुण कुटुंबं ज्वारीचं पीठ का घेत नाहीत, हे शोधायचं. घरी आली ती भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊनच.

"त्यात काय शोधायचं? भाव परवडत नसेल," मी म्हणालो.

"भावाचं फार थोड्या जणींनी लिहिलंय, काका. भाकरी थापताना तुटते म्हणतात."

मी लगेच मालाची बाजू घेतली. आमची मालदांडी, टपोरी, मोत्यासारखी, तुटेल कशी? तेवढ्यात परातीपाशी बसलेली बायको म्हणाली, "पीठ जुनं असेल. विरी गेली की कुणाच्याही हातची तुटते."

पुतणीनं ते लिहून घेतलं. मला पुढं बोलवेना. पोतं ट्रकमध्ये चढलं, पट्टी झाली, की माझ्या लेखी ज्वारी संपत होती. पुढं ती कधी दळतात, पीठ दुकानात किती दिवस पडून राहतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. ज्या बाईला उत्तर ठाऊक होतं ती रोज मला ताट वाढत होती. तिलाही मी विचारलं नव्हतं. एवढ्या वर्षांचा अनुभव म्हणून मी जे मिरवत होतो, ते निम्मंच होतं.

रात्री पुतणीनं थिओडोर लेव्हिट यांच्या मार्केटिंगवरच्या १९६० सालच्या लेखाबद्दल सांगितलं. रेल्वेचं नाव निघताच मी कान टवकारले. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या गावचा मी. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी आपला धंदा रेल्वेचा मानला, वाहतुकीचा मानलाच नाही. म्हणून मोटारी, ट्रक आणि विमानांनी त्यांचं गिऱ्हाईक नेलं, असा लेव्हिट यांचा मुद्दा. मग तिनं विचारलं, "काका, आपला धंदा ज्वारीचा की भाकरीचा?"

तिनं अहवालात लहान पाकिटं आणि त्यांवर दळणाची तारीख सुचवली. पुढं कॅम्पस मुलाखतीत तिला मुख्यतः याच कामाबद्दल विचारलं आणि नोकरी लागली. सुरुवात दुकानं फिरण्यापासूनच झाली: उधारी, परत आलेला माल, दुकानदारांची बोलणी. म्हणजे मला नको होतं तेच. फोनवर ते सगळं ती रंगून सांगते.

पदवी घेतली की नोकरी ठेवलेली, असं मी म्हणणार नाही. जिथं कंपन्या फिरकत नाहीत आणि तयार प्रोजेक्ट विकत घेऊन चालतात, तिथं पैसे घालणं मला आजही पटत नाही. यार्डातलं कुणी पोराच्या एमबीएबद्दल विचारायला आलं तर मी एवढंच म्हणतो: इमारत बघू नका, उन्हाळ्यात कुठं पाठवतात आणि काय करायला लावतात, ते तिथल्या जुन्या मुलांना विचारा. आणि पोरगी असेल तर तिलाही हेच सांगा.