निर्जन वाटांचे ऋण

फ्रान्सच्या मध्यभागी पसरलेला मासिफ सांत्राल हा प्राचीन पर्वतप्रदेश आग्नेयेस उतरत उतरत जेथे भूमध्य सागराकाठच्या मैदानास भेटतो, तेथील शेकडो दऱ्यांनी विदीर्ण झालेल्या त्याच्या कडेला सेवेन म्हणतात. आणि ज्याला सायकलवरून एखादा देश निरखावयाचा आहे, त्याने आल्प्समधील नामांकित खिंडींचा मोह काही काळ बाजूस सारून ह्या डोंगरांच्या वाटेला लागावे, असे मला मनःपूर्वक वाटते. आल्प्सच्या थोर खिंडींत उन्हाळ्याच्या दिवसांत मोटारींची रांग तुटत नाही. येथे मात्र सकाळच्या प्रहरी पिवळ्या माथ्याचे किलोमीटरचे दगड एकामागून एक मागे पडत जातात आणि टपालखात्याची एखादी पिवळी गाडी सोडली तर दुसरे वाहन दृष्टीस पडत नाही. रस्ता मात्र निर्दोष असतो. त्यावर डांबर असते, वळणावर कठडा असतो, पावसाचे पाणी वाहून नेणारी मोरी असते. अवघी सिद्धता एखाद्या भरभराटलेल्या प्रांताची आणि वर्दळ मात्र एखाद्या विस्मृत आश्रमाच्या वाटेवरची, हा विरोध पाहून मन प्रथम सुखावते आणि मागाहून विचारात पडते.

ह्या प्रदेशाशी पहिला परिचय नकाशावरच व्हावा. मिशलँ कंपनीचे, एका सेंटिमीटरात दोन किलोमीटर दाखवणारे नकाशे १९१० पासून फ्रेंच प्रवाशाचे सोबती आहेत; त्यांत रम्य रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ ओढलेली असते आणि चढ जेथे शेकडा पाचांहून अधिक होतो तेथे एक बाण, नवांहून अधिक होतो तेथे दोन, तेरांच्या पुढे गेला तर तीन, अशा खुणा केलेल्या असतात. सेवेनचा नकाशा उलगडला की त्यावर हिरव्या रेघांचे जाळे आणि बाणांची दाटी एकदमच दिसते. पण नकाशा जे सांगू शकत नाही ते चढ सांगतो. दरीच्या तळाशी ओढ्याच्या खळखळाटात आरंभ झालेला रस्ता वळणे घेत वर चढू लागला की तो खळखळाट हळूहळू खोल जातो. मग चेस्टनटच्या दाट सावलीत आपला श्वास आणि साखळीची मंद घरघर एवढेच ऐकू येते. आणि वरच्या उघड्या माळावर पोहोचल्यावर वारा, चंडोल आणि दूरवर चरणाऱ्या मेंढ्यांच्या घंटा ह्यांनी मिळून कानांपुढे एक नवेच जग उभे केलेले असते. मोटारीतून जाणाऱ्यास हे तिन्ही लोक एकाच काचेआड दिसतात. सायकलवाल्यास ते स्वतःच्या देहाने एक एक करून मिळवावे लागतात, आणि जे असे मिळवले ते विसरता येत नाही.

देहाला आणखी एक गोष्ट उमगते, ती भूमीच्या घडणीची. दक्षिणेकडील दऱ्यांत काळसर, पापुद्र्यापापुद्र्यांचा शिस्ट दगड आहे; घरांच्या भिंती त्याच्या आणि छपरेही त्याच्याच फरश्यांची, त्यामुळे खेडे डोंगरातून वेगळे काढता येत नाही. उत्तरेस लोझेर पर्वत ग्रॅनाइटचा. तेथे चढ लांबलचक पण समंजस, आणि माळावर गोलाकार प्रचंड शिळा अस्ताव्यस्त पडलेल्या. पश्चिमेस चुनखडीची पठारे. त्यांपैकी कॉस मेजां सुमारे हजार मीटर उंचीवर कड्यांनी चहूबाजूंनी तोडलेले उभे असून, तार्न नदीच्या घळीतून त्यावर चढणारे रस्ते थेट कड्याच्या अंगावर कोरलेले आहेत. सह्याद्रीच्या घाटांत वाढलेल्या माणसाला हे कडे आणि हा सपाट माथा पाहून क्षणभर घरी आल्यासारखे वाटते. पण कातळाचा पांढरा रंग आणि पाण्याचा पूर्ण अभाव त्याला लागलीच भानावर आणतात, कारण ह्या पठारावर पडलेला पाऊस चुनखडीच्या फटींतून पाताळात उतरतो आणि शेकडो मीटर खाली, घळीच्या तळाशी झरे होऊन प्रकटतो.

अशा ह्या प्रदेशात एवढे रस्ते का, आणि त्यांवर एवढी शांतता का, हे दोन प्रश्न मी चढावर मनाशी घोळवीत असे. पहिल्याचे उत्तर रक्तरंजित आहे. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने, प्रोटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारे नांतचे फर्मान रद्द केले, आणि सेवेनची रयत, जी बहुतांशी प्रोटेस्टंट होती, ती रानांत आणि गुहांत लपून प्रार्थना करू लागली. लांगदॉक प्रांताचा सुभेदार बाव्हील ह्याने बंदोबस्तासाठी ह्या दुर्गम डोंगरांतून तोफा आणि घोडदळ जाऊ शकेल असे रस्ते बांधविले. १७०२ च्या जुलैत तार्नकाठच्या ल पाँ-द-मोंव्हेर ह्या गावी, कैद्यांचा छळ करणाऱ्या शेला नामक धर्माधिकाऱ्याचा वध झाला आणि कामिझार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रोटेस्टंट बंडखोरांचे बंड पेटले. ते शमविण्याच्या भरात वरच्या भागातील शेकडो खेडी सरकारी हुकमाने जाळण्यात आली. सें-जां-द्यू-गारहून फ्लोराककडे जाणारा, दोन दऱ्यांच्या मधल्या डोंगरधारेवरून सुमारे ५० किलोमीटर धावणारा कॉर्निशचा रस्ता, जो आज सायकलवाल्यांना ह्या मुलखातील सर्वांत रमणीय वाटतो, तो ह्याच लष्करी मार्गांच्या वंशातला आहे. धारेवरून मार्ग न्यावयाचा तो दोन्ही दऱ्यांवर नजर राहावी म्हणून. तीच नजर आज निळ्या डोंगररांगांच्या दर्शनाने तृप्त होते. सौंदर्याचे मूळ जुलमात असू शकते, ही गोष्ट मान्य करावयास जड जाते. परंतु ती मान्य केल्याने दृश्य कमी सुंदर दिसत नाही, अधिक गंभीर दिसते.

त्यानंतरचे रस्ते मात्र दुसऱ्याच भावनेने बांधले गेले. नेपोलियनने १८११ च्या डिसेंबरातील हुकमाने रस्त्यांची प्रतवारी ठरविली आणि त्यांच्या नेमल्या टापूची निगा राखणाऱ्या कामगारांची व्यवस्था लावून दिली. १८३६ च्या कायद्याने गावोगावच्या वाटांच्या बांधणीचा आणि डागडुजीचा भार ग्रामपंचायतींवर बंधनकारक केला, त्यासाठी रहिवाशांकडून दरसाल काही दिवसांची मेहनत किंवा तिचे मोल घेण्याची तरतूद केली. त्या शतकात अशा रीतीने खेडे खेड्याला जोडले गेले, आणि आजमितीस फ्रान्समध्ये एकट्या जिल्हा रस्त्यांचीच लांबी पावणेचार लाख किलोमीटरांच्या घरात आहे. शेवटच्या वाडीपर्यंत, शेवटच्या शेतघरापर्यंत रस्ता गेला पाहिजे, हा त्या कारभारामागचा आग्रह. आणि दैवाचा खेळ असा की, रस्ता दारापर्यंत पोहोचला आणि त्याच रस्त्याने घर रिकामे झाले.

कारण ह्या डोंगरांचे जीवन दोन झाडांवर उभे होते. चेस्टनटने लोकांना भाकरी दिली. त्याची फळे दगडी खोपटांत आठवडेच्या आठवडे मंद धुरावर वाळवून वर्षभर पुरविली जात. तुतीने पैसा दिला. तिच्या पानांवर रेशमाचे किडे पोसण्यासाठी बांधलेली उंच दगडी घरे आजही वळणावळणावर उभी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास किड्यांवर रोग आला. तो समजून घेण्यासाठी १८६५ मध्ये पाश्चर आलेसला येऊन राहिला आणि निरोगी अंडी निवडण्याची रीत त्याने शोधून काढली. पण तोवर बाजार परदेशी रेशमाने भरून गेला होता. चेस्टनटच्या मुळांनाही रोगाने ग्रासले. खालच्या कोळशाच्या खाणींनी आणि रेल्वेने तरुणांना बोलाविले, आणि जे उरले होते त्यांतील कित्येकांना पहिल्या महायुद्धाने नेले. लोझेर जिल्ह्याची वस्ती १८५१ च्या खानेसुमारीत सुमारे १ लाख ४४ हजार होती. आज पाच हजार चौरस किलोमीटरांहून मोठ्या त्या मुलखात अवघी ७६ हजारांच्या आसपास माणसे राहतात. रस्त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला रानात शिरून पाहिले की झाडांच्या मुळांत गडग्यांमागून गडगे दिसतात. ज्या उतारावर पाय ठरत नाही तेथे पिढ्यान्‌पिढ्या पाठीवरून माती वाहून नेऊन पायऱ्यापायऱ्यांची शेते करणाऱ्यांची ती अक्षरे आहेत, आणि चढावर मंदावलेल्या सायकलखेरीज ती वाचण्यास पुरेसा अवकाश कोणते वाहन देते?

ह्या मुलखात तहान लागली तर जाणता सायकलस्वार दफनभूमी शोधतो. फ्रान्सच्या खेड्यात दुकान बंद असेल, कारंजे आटलेले असेल, पण थडग्यांवरच्या फुलांना घालण्यासाठी दफनभूमीत बहुधा नळ असतो. बाटली भरेतो सभोवतीची नावे आपोआप वाचली जातात. त्याच आडनावांची माणसे चौकातील युद्धस्मारकावर, १९१४ ते १९१८ ह्या आकड्यांखाली, पुन्हा भेटतात. सेवेनमध्ये तर घराशेजारच्या शेतातही सुरूच्या सावलीत चारदोन थडगी असतात. धर्म नाकारला गेलेल्या प्रोटेस्टंटांना सार्वजनिक दफनभूमीत जागा नव्हती, तेव्हा त्यांनी आपले मृत आपल्याच भूमीत ठेवले, आणि पुढे मनाई उठल्यावरही ती चाल सोडली नाही. मृतांच्या हद्दीतील पाणी पिऊन पुढच्या चढाला लागणे ह्यात मला कधी अशुभ वाटले नाही. ज्यांनी ही वाट बांधली त्यांच्याकडून झालेले ते आतिथ्यच होय.

ह्या लोकांना वाटसरूची काळजी होती, ह्याचा पुरावा लोझेर पर्वताच्या ग्रॅनाइटच्या वाड्यांत मिळतो. तेथे चर्चवाचून उभे असे लहान घंटामनोरे आहेत. हिमवादळात वाट चुकलेल्याला दिशा कळावी म्हणून त्यांतील घंटा वाजवीत राहावयाची, आणि ती वाजविण्यास गावकऱ्यांतील कोणीतरी रात्रभर जागावयाचे. एगुआलवर अशीच दुसरी निष्ठा दिसते. कोळशासाठी आणि चराईपायी उघडा पडलेला, पुरांनी खरवडलेला हा १५६७ मीटरांचा पर्वत १८७५ पासून जॉर्ज फाब्र ह्या वनाधिकाऱ्याने पुन्हा वृक्षांनी आच्छादिला. आज माथ्यावरच्या वेधशाळेकडे जाताना ज्या बीचच्या छायेत सायकलवाल्याचा घाम सुकतो, ती छाया एका सरकारी नोकराच्या हट्टाची आहे.

अशा प्रदेशातून कसे जावे, हे पॉल द व्हिव्ही ह्या गृहस्थाने शिकविले. सेंत-एत्येनला रेशमाचा व्यापार करणाऱ्या ह्या माणसाने १८८७ मध्ये सायकलविषयक नियतकालिक काढले, व्हेलोसियो ह्या नावाने ते आयुष्यभर चालविले आणि चढासाठी गिअर बदलण्याच्या योजनेचा अविश्रांत पुरस्कार केला. तूर द फ्रान्सच्या शर्यतीने ती योजना १९३७ पर्यंत निषिद्ध ठेवली होती. पण व्हेलोसियोला पर्वत बलाढ्य वीरांसाठी राखून ठेवावयाचे नव्हते, ते मध्यमवयीन शिक्षकाला, कारकुनाला, त्यांच्या पत्नींना खुले करावयाचे होते. भुकेआधी खावे, तहानेआधी प्यावे आणि केवळ अभिमानापोटी कधी पायडल मारू नये, अशा आशयाचे त्याचे नियम होते. हा शेवटचा नियम मला ह्या डोंगरांतील खरा सदाचार वाटतो, कारण अभिमानाने चढणाऱ्याची दृष्टी पुढच्या चाकावर खिळलेली असते आणि गडगे, घंटा, थडगी, सारे त्याच्या दोन्ही अंगांनी न वाचताच निघून जाते.

ही शांतता काही निसर्गाने दिलेली नाही. सुभेदाराचा धाक, कायद्याची कळकळ, रोगांचे तडाखे आणि गेलेल्या माणसांची अनुपस्थिती ह्यांतून ती घडली आहे, आणि आजही बारा घरांच्या वाडीसाठी हिवाळ्यात बर्फ उपसणारे आणि वसंतात डांबराचे खड्डे बुजवणारे जिल्ह्याचे कामगार ती रस्त्यासकट राखून ठेवीत आहेत. आपण तिचा उपभोग घेतो तेव्हा गावातल्या एकुलत्या दुकानातून पाव घेणे, भेटेल त्याला नमस्कार करणे आणि कळपाला वाट देणे, एवढे तर सहज घडावे. पण ऋण त्याहून मोठे आहे. जेथे शाळा मिटली तेथे ती पुन्हा उघडावी, गडग्यांवर पुन्हा कोणी माती चढवावी, तरुण माणसे परत यावीत, आणि त्यापायी आपल्या लाडक्या वाटेवरची शांतता मोडली तरी ती आनंदाने मोडू द्यावी, एवढी इच्छा ज्याला मनापासून धरता येते, त्यालाच ह्या वाटांवर प्रेम करण्याचा अधिकार पोहोचतो.