माशांआधीचं पाणी

डोंबिवली (पूर्व),
२२ नोव्हेंबर

प्रिय सायली,

काल फोनवर तू घाईत होतीस, त्यामुळे बोलणं अर्धंच राहिलं. ईशानच्या वाढदिवसाला, १० जानेवारीला, गोल्डफिश आणायचे ठरलेत. त्याच सकाळी टाकी, खडी, मोटार, मासे सगळं एकदम घेऊन यायचं आणि संध्याकाळी मुलं जमतील तेव्हा टाकी झगमगत असेल, असा तुमचा बेत. फोन ठेवल्यापासून माझ्या मनात तेच घोळतंय. तसं करू नकोस, बाळा. टाकी याच आठवड्यात आण, मासे वाढदिवसाला आण. मधले सात आठवडे टाकीत नुसतं पाणी राहू दे, फिल्टर चालू ठेवून. का, ते सवडीने सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या आईने तिच्या माशांची गोष्ट तुला कधी सांगितली आहे का? १९८३ साल. ती अकरावीत होती, मी नुकतीच नोकरीला लागले होते. पहिल्या पगारातून मी तिच्यासाठी क्रॉफर्ड मार्केटातून दोन गोल्डफिश आणि एक गोल काचेचं भांडं आणलं. व्ही.टी.पासून डोंबिवलीपर्यंत ती प्लास्टिकची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले होते. गाडीने हिसका दिला की आतलं पाणी हिंदकळायचं आणि दोन्ही मासे एका कोपऱ्यात गोळा व्हायचे. डब्यातल्या बायका वाकून वाकून बघत होत्या.

आपल्या चाळीत तेव्हा पहाटे पाणी यायचं. तुझी आई रोज पाच वाजता उठून भांड्यातलं सगळं पाणी ओतून टाकायची, भांडं घासायची आणि नळाचं ताजं पाणी भरायची. माशांना स्वच्छ ठेवायचं, एवढंच तिला माहीत होतं आणि मलाही. तिसऱ्या दिवशी एक मासा तळाशी आडवा झाला. दुसरा पाण्याच्या अगदी वरच्या थरात येऊन तोंड उघडझाप करत राहिला. त्याच्या कल्ल्यांच्या कडा लालभडक झाल्या होत्या. आम्हाला वाटलं, भूक लागली असेल, म्हणून आणखी खाणं टाकलं. संध्याकाळी तोही गेला. तुझी आई त्या रात्री जेवली नाही. शेजारच्या आजींनी तिला जवळ घेऊन समजावलं, "रडू नको, घरावरचं संकट होतं, ते माशांनी अंगावर घेतलं." आम्हाला तेव्हा ते फार पटलं, खरं म्हणजे फार बरं वाटलं.

पुढे माझी सगळी नोकरी एमआयडीसीतल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली आणि पाण्यात काय काय असतं ते रोज हाताखालून जायला लागलं. तेव्हा उलगडा झाला. ते संकट आम्हीच दोघींनी भांड्यात ओतलं होतं.

बघ, मासा शरीरातला टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात, कल्ल्यांतून बाहेर टाकतो. तळ्यात ते एवढ्या पाण्यात विरून जातं की कळतही नाही. टाकीत ते साठतं, आणि साठलं की त्याच कल्ल्यांना जाळतं. ते संपवणारे जिवाणू निसर्गात सगळीकडे असतात. एक प्रकार अमोनियाचं नायट्राइट करतो. तेही विषारीच. दुसरा प्रकार नायट्राइटचं नायट्रेट करतो, ते बरंच निरुपद्रवी असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते फिल्टरच्या स्पंजावर, खडीवर, काचेवर वस्ती करतात. वस्ती वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्तही. नवी कोरी टाकी दिसायला सगळ्यांत स्वच्छ असते, पण माशासाठी तीच सगळ्यांत धोक्याची. ठाण्यात, डोंबिवलीत घरोघरी टाकी आणल्यावर पंधरा दिवसांत मासे जातात, ते बहुतेक वेळा यामुळेच. मग लोक म्हणतात, "आम्हाला मासे लाभत नाहीत," आणि रिकामी टाकी माळ्यावर जाते.

म्हणून टाकी आणलीस की पाणी भर, स्पंज फिल्टर आणि मोटार जोड आणि रोज माशांच्या खाण्याची एक छोटी चिमूट त्या रिकाम्या टाकीत टाकत जा. खाणं कुजतं, अमोनिया होतो, जिवाणूंना जेवण मिळतं. ईशानला विचित्र वाटेल, त्याला खरं कारण सांग. सात वर्षांच्या मुलाला हे समजतं. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट मिळतं, थेंब टाकून रंग बघायचा. ते काम त्यालाच दे, वहीत तारीख घालून रंग लिहू दे. दोन्ही आकडे शून्यावर आले आणि तिथेच राहिले, म्हणजे पाणी तयार.

आता नळाच्या पाण्याचं. तुमच्या सोसायटीत भातसाचं येवो, शहाडच्या स्टेमचं येवो की बारवीचं, त्यात क्लोरीन असणारच, आणि माणसांसाठी ते असायलाच हवं. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की त्याची मात्रा वाढवतात. आम्ही चाळीतल्या भांड्यात रोज पहाटे ओतत होतो तेच क्लोरीन माशाचे कल्ले पोळतं आणि स्पंजावरची वस्तीही मारतं. दुकानात हायपोचे खडे मिळतात. बारावीच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशन करायचीस, तेच सोडियम थायोसल्फेट. एका बादलीला दोन-तीन बारीक खडे टाकून ढवळ, थोडा वेळ थांब, मग पाणी घाल. पाणी कधीही सगळं बदलायचं नाही. आठवड्यातून एकदा पाव टाकी काढायची, तेवढीच भरायची. काढलेलं पाणी मोरीत सोडू नकोस. माझा मोगरा त्या पाण्यावर किती फुलतो, ते तू पाहिलं आहेस. स्पंज काळा पडला तर तो नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात दोनदा पिळायचा. हे घरात सगळ्यांना सांगून ठेव, कामाच्या ताईंनाही. माझी एक चांगली चाललेली टाकी एका पाहुणीने प्रेमाने स्पंज साबणाने घासून दिल्यामुळे गेली होती.

टाकी केवढी घ्यायची? ईशानने जे गोल भांडं दाखवलं ते नको, कितीही गोड दिसलं तरी नको. त्यात पाणी थोडं, वरचा उघडा पृष्ठभाग लहान, फिल्टर बसत नाही. इटलीतल्या मोंझा शहराने २००४ साली गोल भांड्यात मासे ठेवायलाच बंदी घातली, पुढच्या वर्षी रोमने. मला ते अगदी योग्य वाटतं. गोल्डफिश हा रोहू-कटल्याच्या कुळातला तळ्याचा मासा. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी करड्या कार्प माशांतले लालसर निघालेले वेगळे काढून, पिढ्यान् पिढ्या जोपासून तो घडवला. दुकानात बोटाएवढा दिसतो, पण गुबगुबीत जातीचे ओरांडा किंवा रियुकिन नीट वाढले तर सहा-आठ इंचांचे होतात आणि सडपातळ कॉमेट तर फुटापर्यंत जातो. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकी घे. त्यात सुमारे १३० लिटर पाणी मावतं, दोन ओरांडांना ते पुरतं. नुसत्या पाण्याचंच वजन १३० किलो. काच, खडी, स्टँड धरून पावणेदोनशेच्या घरात जाईल. तेव्हा टीव्हीच्या युनिटवर किंवा बाल्कनीत ठेवू नका. आतल्या भिंतीशी, खांबाजवळ, मजबूत स्टँडवर, खाली थर्माकोलची शीट घालून ठेवा. खिडकीचं ऊन थेट पडायला नको, नाहीतर शेवाळ थांबणार नाही.

आणि आता जरा नाजूक विषय. तुझ्या सासूबाईंना आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे हवे आहेत, वास्तूसाठी. त्यांच्या श्रद्धेचा मला मान आहे, माझं हे म्हणणं त्यांना वाचून दाखव. नऊ गोल्डफिशना जितकं पाणी लागतं तितकी टाकी तुमच्या हॉलमध्ये मावणार नाही. लहान टाकीत नऊ कोंबले तर ते एकामागून एक जातील, आणि प्रत्येक वेळी "संकट गेलं" म्हणून आपण त्याच पाण्यात दुसरा आणून सोडू. मला त्या समजुतीचं एवढंच दुःख आहे, की ती आपल्याला कारण शोधू देत नाही. तुझ्या आईने आणि मी त्या एका वाक्यावर कितीतरी वर्षं काढली. ज्या घरात जिवंत प्राणी सुखात आहे त्या घराची वास्तू चांगलीच, असं मला मनापासून वाटतं. एक सोनेरी आणि एक काळा मूर आणा, दोघांना भरपूर पाणी द्या. काळ्या मूरचे डोळे बाहेर आलेले असतात, त्याला कमी दिसतं, म्हणून टाकीत टोकदार दगड किंवा शंख ठेवू नका.

हीटर घेऊ नकोस, कुणी कितीही गळ्यात मारला तरी. हा थंड पाण्याचा मासा आहे, आपल्याकडे त्याला त्रास होतो तो एप्रिल-मेमध्ये. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. म्हणजे माशाची गरज वाढते तेव्हाच पाण्यातला प्राणवायू घटतो. उन्हाळ्यात टाकीचं झाकण काढून वर जाळी घाल आणि टेबलफॅनचं वारं पाण्यावरून जाऊ दे, दोन-तीन अंश सहज उतरतात. मोटार रात्रंदिवस चालू. बॅटरीवर चालणारी छोटी मोटार मिळते, ती घरात असू दे. २००५च्या २६ जुलैला वीज गेली तेव्हा माझ्याकडे ती नव्हती. तुझे काका आणि मी रात्रभर आळीपाळीने मेणबत्तीच्या उजेडात मगाने टाकीतलं पाणी उचलून उंचावरून परत ओतत बसलो होतो. पहाटेपर्यंत हात भरून आले, पण चारही मासे वाचले. पाण्याचं शटडाऊन जाहीर झालं की आदल्या दिवशी दोन बादल्या भरून ठेवत जा, टाकीसाठी वेगळ्या.

खाण्याचं थोडक्यात सांगते. गोल्डफिशला जठर नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, म्हणून तो कायम भुकेला वाटतो. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि दाणे आधी पाण्यात भिजवून. आठवड्यातून एक दिवस उपास. फुगल्यासारखा, तिरका पोहायला लागला तर खाणं थांबवून उकडलेल्या मटाराचा सालं काढलेला दाणा कुस्करून दे. खाण्याचा डबा एकाच माणसाच्या ताब्यात ठेव. तुमच्या घरात प्रेमाने खायला घालणारी पाच माणसं आहेत, मला भीती तीच आहे.

नीट सांभाळला तर हा मासा दहा-पंधरा वर्षं जगतो. इंग्लंडमधल्या थर्स्क गावी टिश नावाचा एक होता, १९५६ साली जत्रेत जिंकून आणलेला, तो १९९९ला गेला, ४३ वर्षांचा होऊन. ईशान कॉलेजात जाईल तेव्हा हे मासे घरात असतील असं धरूनच आणा. आणि कधी ठेवणं जमेनासं झालं तर मला द्या, ओळखीत द्या, पण मासुंद्यात किंवा उपवन तलावात नेऊन सोडू नका. बाहेरचा मासा तळ्यात रुजला की तिथल्या माशांचं खाणं आणि अंडी दोन्हींवर गदा येते. तळी ही ठाण्याची श्रीमंती आहे. गणपतीसाठी कृत्रिम तलाव करून ती जपायची वाट याच शहराने दाखवली.

तुझी आई त्यानंतर कधी टाकीजवळ आली नाही. परवा तिला विचारलं, तर म्हणाली, "ईशानची टाकी मी बघेन, पण पाणी तू बघ." तर पाणी मी बघते. माझ्या टाकीतला एक स्पंज मी तुझ्यासाठी वेगळा काढून ठेवला आहे, चार वर्षांचा, चांगला मुरलेला. येत्या रविवारी टाकी जागेवर लावून हायपो टाकलेलं पाणी भरून ठेवा आणि मोटार चालू करा. मी दुपारच्या गर्दी नसलेल्या लोकलने, टाकीच्याच पाण्यात भिजवलेला तो स्पंज डब्यात घालून आणते. तो तुमच्या टाकीत बसला की सहा आठवड्यांची वाट बरीच कमी होईल, किटमध्ये रंग मात्र रोज बघायचेच. ठाण्याला रिक्षाच्या रांगेत वेळ जाईल, म्हणून स्टेशनवर कुणाला तरी पाठव. स्पंज वाळून चालणार नाही.

तुझी
मावशी