हिंजवडी: पॅकेज मोठं, पगार छोटा?

इंजिनीअरिंगच्या लास्ट इयरला असाल, तर हिंजवडीत एक चक्कर माराच. एमआयडीसीनं इथं राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसवला आणि शेतांच्या जागी काचेच्या बिल्डिंग्ज उभ्या राहिल्या.

संध्याकाळी सहाला मी शिवाजी चौकात उतरले. ट्रॅफिक नेहमीप्रमाणे जाम. टपरीवर कटिंग मारणाऱ्या फ्रेशर्सचा टॉपिक एकच, पॅकेज! आणि खांबाखांबांवर पीजीच्या जाहिराती. पीजीचं भाडं मात्र पॅकेजमधून नाही, हातात पडणाऱ्या पैशातून जातं.

म्हणून जरा हिशेब करू. समजा, सीटीसी ३ लाख ६० हजार, म्हणजे महिना ३० हजार. बेसिक १५ हजार धरला, तर कंपनीचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० त्यातच मोजलेले. ही ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारण पाच वर्षं काढल्यावर मिळणार! दहा टक्के व्हेरिएबल असेल, तर आणखी ३ हजार लांबणीवर. वर तुमचा स्वतःचा पीएफ १,८००. हातात उरले साडेबावीस हजारांच्या आसपास.

मोठ्या सर्व्हिस कंपन्यांमध्ये फ्रेशरचं पॅकेज दशकाहून जास्त काळ तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतंय. भाडी काही थांबलेली नाहीत.

मग निगोशिएट करायचं का? हजारो ऑफर लेटर्स एकाच साच्यातून निघतात, तिथं एचआरशी घासाघीस करून फारसं काही हाती लागत नाही. तिथला खरा सौदा टेस्टमध्येच होतो. टीसीएसचंच बघा ना. निंजा, डिजिटल, प्राइम अशा पायऱ्या आहेत आणि डिजिटलचं पॅकेज निंजाच्या जवळपास दुप्पट. छोट्या प्रॉडक्ट कंपनीत मात्र बोलायला जागा असते. हातात दुसरी ऑफर असेल, तर तसं नम्रपणे पण स्पष्ट सांगा.

आकडा हलत नसला, तरी प्रश्न विचारायला कोण अडवतंय? फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती? जॉइनिंगची तारीख लेखी आहे का? बाँड आहे का, आणि मध्येच सोडलं तर किती भरायचे? उत्तरं ईमेलवरच मागा.

घरी पेढे वाटताना वर्षाचा आकडा सांगा, बिनधास्त. पण पीजीचं डिपॉझिट भरण्याआधी महिन्याचा आकडा पाठ हवा!