चौपाटीपर्यंतची वाट

ज्या मनुष्याचा जन्म समुद्रापासून हांकेच्या अंतरावर झाला, त्यानें म्हातारपणीं समुद्र पाहावयाचा म्हणून चार माणसांची मनधरणी करावी, ही गोष्ट ऐकावयास विचित्र वाटते खरी. परंतु आमच्या घरीं ती गेल्या कार्तिकांत घडली, आणि तिच्या निमित्तानें माझ्या मनांत जे विचार आले ते वाचकांपुढें ठेवावे असें वाटतें.

माझे वडील बंधु (आम्ही सारे त्यांना दादा म्हणतों) वयानें ब्याऐंशी वर्षांचे. गिरगांवांतील ज्या चाळींत ते जन्मले, त्याच चाळींत, पहिल्या मजल्यावरील त्याच दोन खोल्यांत ते अद्याप राहतात. मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनीं धाकटा. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन मी शिक्षकाचा पेशा पत्करिला, अडतीस वर्षें मुलांना मराठी व संस्कृत शिकविलें, आणि संसार वाढला तेव्हां गिरगांवांतील शेंकडो कुटुंबांप्रमाणें बिऱ्हाड डोंबिवलीस हलविलें. सहा वर्षांपूर्वीं दादांच्या गुडघ्यांनीं असहकार पुकारला. तेव्हांपासून त्यांचें जग म्हणजे चाळीची गॅलरी, तिच्यांतील आरामखुर्ची आणि समोरच्या घराची खिडकी. कार्तिकांत एके सकाळीं त्यांचा टेलिफोन आला. "अरे, तुला सवड होईल तेव्हां मला एकदां चौपाटीवर ने. फार वेळ नको. पाण्याला हात लावून परत येऊं."

मागणें एवढेंच. चाळीच्या दारापासून चौपाटी दहा मिनिटांची वाट. मीं आनंदानें होकार दिला, आणि पुढच्याच शनिवारीं निघालों.

डोंबिवलीहून मुंबईस जाणाऱ्या लोकलगाडीचें वर्णन करण्याची आवश्यकता नाहीं. ज्यानें तो प्रवास केला आहे त्याला तें नको, आणि ज्यानें केला नाहीं त्याला तें खरें वाटणार नाहीं. तेथें मनुष्य गाडींत चढत नाहीं, चढविला जातो. उतरत नाहीं, उतरविला जातो. कर्तरि प्रयोग शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याचा दररोज असा कर्मणि प्रयोग व्हावा, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा! विनोद सोडला तर ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ दारांत लोंबकळणारीं माणसें खालीं पडून कांहींचे प्राण गेले, हें विसरतां येत नाहीं. तीं माणसें दारांत उभीं होतीं तीं हौसेनें नव्हे. आंत जागा नव्हती म्हणून. मला मात्र त्या शनिवारीं एका विद्यार्थ्यानें स्वतः उठून जागा दिली. मुंबईची गर्दी निर्दय आहे, पण त्या गर्दींतला एकएकटा मनुष्य सहसा निर्दय नसतो, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

बोरीबंदरास उतरून मी भुयारी मेट्रोनें गिरगांवांत आलों. ऑक्टोबर २०२५ पासून ही गाडी कफ परेडपर्यंत सुरू झाली आहे. काळबादेवीनंतरचें स्थानक गिरगांव! ज्या गल्ल्यांतून आम्ही अनवाणी हिंडलों त्यांच्या पोटांतून थंडगार डब्यांत बसून यावें, याचें कौतुक वाटल्यावांचून राहिलें नाहीं. नव्याला उगाच नांवें ठेवणारा मी नव्हे. जें चांगलें आहे तें चांगलेंच म्हटलें पाहिजे.

दुपारीं चारच्या सुमारास काठी आणि माझा खांदा यांच्या आधारानें दादा जिना उतरले. दहा मिनिटांच्या वाटेला आम्हांस पाऊण तास लागला. पदपथ म्हणून जो होता त्यावर कोठें खणलेल्या मातीचा ढीग, कोठें मोटारसायकली, कोठें दुकानाची पायरी. पदपथाची उंची इतकी कीं, प्रत्येक वेळीं चढावयाचें आणि उतरावयाचें म्हणजे दादांना एकेक डोंगर. शेवटीं आम्ही मोठ्या रस्त्याशीं आलों. पलीकडे वाळू दिसत होती. वाऱ्याला खारा वास होता. दादांचा चेहरा उजळला. दिव्यांतला हिरवा मनुष्य चालूं लागला आणि आम्हीही चालूं लागलों. परंतु तो हिरवा मनुष्य तरुण होता. त्याचे गुडघे दुखत नव्हते. आम्ही अर्धा रस्ता ओलांडतों न ओलांडतों तोंच तो तांबडा झाला, आणि दोन्ही बाजूंनीं मोटारींचा लोंढा सुटला. दुभाजकाच्या अरुंद कठड्यावर दादांना धरून मी उभा राहिलों. त्यांचा हात थरथरत होता. दुसऱ्या वेळीं दिवा हिरवा झाला तेव्हां मीं म्हटलें, "चला दादा." ते म्हणाले, "पुढें नको. घरीं चल." आणि आम्ही समुद्राकडे पाठ करून परतलों.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. वडिलांच्या गोष्टी आठवत होत्या. त्यांच्या बालपणीं, म्हणजे १९२० नंतरच्या दशकांत, बॅक बे भरून काढण्याची सरकारी योजना चालली होती. एकूण ११४५ एकर भूमि समुद्रांतून काढावयाची, असा तो संकल्प. खर्च फुगत गेला, काम रेंगाळलें, आणि खुर्शेद नरीमन यांनीं कायदेकौन्सिलांत व वृत्तपत्रांत त्या गैरकारभाराचे वाभाडे काढिले. एका इंग्रज अधिकाऱ्यानें त्यांच्यावर बेअब्रूचा खटला भरला, त्यांतून ते निर्दोष सुटले. आठ विभागांपैकीं चारच पुरे झाले. त्यांतूनच पुढें मरीन ड्राइव्हचा सुंदर अर्धचंद्र उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर उरलेल्या विभागांपैकीं कांहीं भाग भरला गेला, आणि समुद्र बुजवून काढलेल्या त्या टोंकाला नांव दिलें गेलें नरीमन पॉइंट! ज्यानें भरावावर टीका केली त्याचेंच नांव भरावाला. इतिहास असा कधीं कधीं गालांतल्या गालांत हंसतो.

मात्र या इतिहासांतून एक गोष्ट ध्यानांत येते. सात बेटांची मुंबई भरावानेंच एक झाली. अठराव्या शतकांत हॉर्नबीचा बांध घातला गेला नसता तर वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधून आजही पाणी आंत शिरलें असतें. समुद्र हटविणें हें या नगरीच्या रक्तांतच आहे. तेव्हां भराव केला म्हणून आकाशपाताळ एक करणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं; मी स्वतः भरावाच्याच शहरांत वाढलों. प्रश्न असा आहे कीं, समुद्र मागें सारून जी जागा मिळाली, ती कोणाला मिळाली?

पुतण्यानें आमची फजिती ऐकली आणि दुसऱ्या आठवड्यांत मोटार काढली. "काका, दादांना कोस्टल रोडनें फिरवून आणूं, समुद्रच समुद्र दिसेल." मरीन ड्राइव्हच्या बाजूनें आम्ही शिरलों. मलबार टेंकडीखालून दोन किलोमीटरांहून लांब असे जुळे बोगदे, मग प्रियदर्शिनी उद्यानाजवळ उजेड, मग हाजी अली, मग वरळी. साऱ्या रस्त्याची लांबी १०.५८ किलोमीटर, मार्च २०२४ पासून तो टप्प्याटप्प्यानें खुला होत गेला. पूर्वीं ज्या वाटेला तासभर मोडे ती आम्ही मिनिटांत संपविली. स्थापत्यशास्त्राचा हा चमत्कारच, यांत शंका नाहीं. त्या मार्गानें कोणी आसन्नमरण रोगी वेळेवर रुग्णालयांत पोंचत असेल, तर त्या अभियंत्यांना त्याचें पुण्य लागेल.

परंतु त्या मार्गावर दुचाकीला मज्जाव, रिक्षाला मज्जाव, आणि वाटेंत थांबावयास सर्वांनाच मज्जाव. दादा कांचेला नाक लावून बसले होते. लाटा दिसल्या, मागें गेल्या. घरीं आल्यावर वहिनींनीं विचारलें, "पाहिलात का समुद्र?" दादा म्हणाले, "पाहिला. आगगाडींतून आपलें गांव दिसावें तसा."

या वाक्यांत मला साऱ्या प्रश्नाचें मर्म सांपडलें. या रस्त्यासाठीं सुमारें १११ हेक्टर भराव झाला. त्यांतील मोठा भाग बागांसाठीं व मोकळ्या जागेसाठीं आहे, आणि समुद्राकडेचा लांब पदपथ ऑगस्ट २०२५ मध्यें लोकांना खुला झाला, ही आनंदाची गोष्ट होय. तेथें जाण्यास रस्त्याखालून भुयारें ठेविलीं आहेत. म्हणजे नागरिकांचा विचार झाला नाहीं असें नाहीं. पण तो मागाहून झाला, आणि मोटारीचा आधीं झाला. वरळीच्या कोळ्यांनीं आपल्या होड्या सुखरूप जाव्यात म्हणून पुलाच्या दोन खांबांमधील अंतर वाढवून मागितलें. तें ६० मीटरांचें १२० मीटर झालें, परंतु त्यासाठीं त्यांना केवढा लढा द्यावा लागला! ज्यांचा समुद्राशीं पिढीजात संबंध, त्यांना प्रथम विचारावें हें नियोजनाचें पहिलें सूत्र असावयास हवें. आमच्याकडे तें परिशिष्टांत येतें.

संस्कृतांत 'वेला' असा एक सुंदर शब्द आहे. वेला म्हणजे समुद्राचा कांठ, वेला म्हणजे भरती, आणि वेला म्हणजे काळ. आपली मराठी 'वेळ' ती हीच. वर्गांत हा शब्द आला कीं मी मुलांना विचारीत असें, "एकाच शब्दाला कांठ आणि काळ हे दोन्ही अर्थ कां?" मुलें निरनिराळीं उत्तरें देत. मला आज एक उत्तर सुचतें. कांठावर जाऊन बसावयाचें तर वेळ लागतो. ज्या शहराजवळ वेळ नाहीं, त्याच्याजवळ कांठ असून नसल्यासारखा.

आतां या गोष्टीचा शेवट सांगतों. त्यांत शहराचा दोष थोडा आणि माझा अधिक आहे.

वहिनींनीं एक दिवस सहज म्हटलें, "भावोजी, पहांटे कां नाहीं नेत? पहांटे रस्ता रिकामा असतो." मी ओशाळलों. कोंकणांतल्या आमच्या आजोबांचा एक हिशेब मला पाठ होता: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास निघतो. अष्टमीच्या आठाची पाऊणपट सहा. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. भरतीच्या वेळीं पाणी वर आलेलें असलें म्हणजे खुर्ची वाळूंतून तितकी कमी ढकलावी लागणार. पंचांग पाहिलें. पौष शुद्ध अष्टमीला, २८ डिसेंबर २०२५ रोजीं, रविवार येत होता. आदल्या रात्रीं मी गिरगांवांत मुक्कामास गेलों. चाळींतल्याच एका घरून चाकांची खुर्ची मागून आणली.

साडेसहाला आम्ही निघालों. तोच रस्ता, तोच दिवा, पण मोटार एखादीच. पहाऱ्यावरच्या तरुण पोलिसानें आम्हांला पाहिलें, हात आडवा करून एक टॅक्सी थांबविली, आणि आम्ही पलीकडे पोंचेपर्यंत हात खालीं घेतला नाहीं. वाळूंत मात्र चाकें रुतलीं. धांवावयास आलेल्या तीन मुलांनीं न विचारतां खुर्ची उचलली आणि पाण्याच्या कडेला नेऊन ठेवली. लाट आली, दादांच्या पावलांवरून गेली. त्यांनीं वांकून ओंजळ भरली. मग मीं खुर्ची फिरविली. इमारतींच्या मागून पूर्व तांबूस होत होती. दादांनीं अर्घ्य दिलें आणि पुष्कळ वेळ कांहीं बोलले नाहींत. निघतांना म्हणाले, "सहा वर्षें झालीं, नाहीं?"

त्या प्रश्नांत रोष नव्हता. म्हणूनच तो मला लागला. सहा वर्षांत मी दर दिवाळीला आलों, फराळ केला, शहराच्या दुर्दशेवर तास तास बोललों आणि शेवटची सोयीची गाडी पकडून परत गेलों. 'दादा, समुद्रावर येतां का?' हे चार शब्द माझ्या तोंडून निघाले नाहींत. नगरपित्यांच्या नकाशांत म्हाताऱ्यांना जागा नाहीं अशी तक्रार मी कोणत्या तोंडानें करूं?

तरीही तक्रार करणारच. कारण प्रत्येक म्हाताऱ्याला पंचांग पाहणारा भाऊ आणि खुर्ची उचलणारीं तीन मुलें मिळतीलच असें नाहीं. मागणीही मोठी नाहीं. हिरव्या दिव्याचा काळ थोडा वाढवावा. पदपथाला उतार द्यावा आणि तो मोकळा ठेवावा. बसावयास बांक, जवळ स्वच्छ शौचगृह, आणि वाळूवर पाण्याच्या दिशेनें चाकांची खुर्ची जाईल अशी फळ्यांची एक वाट. बोगद्याला जो पैसा लागतो त्याच्या व्याजांतही हें भागेल. कोणत्याही नव्या किनारी योजनेला माझी एकच परीक्षा असेल: ऐंशी वर्षांचा वृद्ध आणि आठ वर्षांचें मूल, ऐन संध्याकाळीं, कोणाच्या उपकारावांचून पाण्यापर्यंत पोंचतात कीं नाहीं? पोंचत असतील तर उत्तीर्ण; नाहीं तर, बाकीचे गुण कितीही असोत, विद्यार्थी नापास.

तोंवर वाचकांस एक विनंति. आपल्या घरांतही एखादी आरामखुर्ची गॅलरींत असेल. तिच्यांतील माणसाला आजच विचारा, कोठें जावयाचें आहे. उत्तर बहुधा दहा मिनिटांच्या वाटेवरचेंच निघेल.